आधी चाक, मग रॅकेट: कोल्हापुरातून व्हीलचेअर टेनिस सुरू करणाऱ्यांसाठी

महिन्यातून एखादा तरी फोन येतोच. बहुतेक वेळा पोरगं स्वतः बोलत नाही, भाऊ नाहीतर मामा बोलतो. पहिला प्रश्न ठरलेला: "दादा, रॅकेट कुठली घेऊ?" मी सांगतो, रॅकेट राहू दे, शनिवारी त्याला घेऊन ये. आला की मी आधी त्याचे तळहात बघतो. अंगठ्याच्या बुडाशी घट्टे असतील तर हा स्वतः खुर्ची ढकलतो. तळहात मऊ असतील तर घरचे त्याला ढकलतात. दुसऱ्या पोराचं टेनिस सहा महिने उशिरा सुरू होतं, मग रॅकेट कितीही भारी असो.

माझ्याबद्दल थोडं, म्हणजे कुणाचा सल्ला घेताय ते कळेल. २०११ च्या गळीत हंगामात कागलकडून येताना रात्री रस्त्यात उभ्या उसाच्या ट्रॉलीवर गाडी घातली. ट्रॉलीला मागं ना दिवा, ना रिफ्लेक्टर. मणका डी-१२ ला, म्हणजे कमरेच्या जरा वर, गेला. चार वर्षांनी खेळायला लागलो. देशातल्या स्पर्धा खेळलो, दोनदा देशाबाहेर जाऊन पहिल्याच फेरीत हरून आलो. आता शनिवार-रविवार नव्या पोरांना घेऊन बसतो. थोडक्यात, मी शिखर बघितलेलं नाही, पण वाटेतला प्रत्येक खड्डा मला माहीत आहे.

खेळ नेमका काय आहे

कोर्ट तेच, नेट तेच, चेंडू तेच. कोर्टाची लांबी २३.७७ मीटर, एकेरीची रुंदी ८.२३ मीटर, नेट मध्यभागी ०.९१४ मीटर. फरक मुख्य एकच: चेंडू दोन टप्पे पडला तरी चालतो, आणि दुसरा टप्पा कोर्टाच्या बाहेर पडला तरी चालतो. खुर्ची हा तुमच्या शरीराचाच भाग धरतात, म्हणजे चेंडू खुर्चीला लागला की गुण गेला. सर्व्हिसच्या आधी खुर्ची स्थिर हवी, मग चेंडू मारण्यापूर्वी एकदाच ढकलता येतं. फटका मारताना बूड सीटवरून पूर्ण उचलायचं नाही, आणि पाय जमिनीला टेकवून ब्रेक मारायचा नाही. पोलिओ झालेल्या किंवा एक पाय शाबूत असलेल्या पोरांना ही शेवटची सवय मोडायला फार वेळ लागतो. पाय आपोआप खाली जातो.

हा खेळ १९७६ मध्ये अमेरिकेत सुरू झाला. ब्रॅड पार्क्स नावाच्या तरुणाला स्कीइंग करताना मणक्याला मार बसला, आणि बरा होत असताना तो खुर्चीतून टेनिस मारायला लागला. १९८८ च्या सोल पॅरालिम्पिकमध्ये खेळ प्रात्यक्षिक म्हणून आला, १९९२ च्या बार्सिलोनात त्याला पूर्ण पदकांचा दर्जा मिळाला. ज्यांच्या हातांनाही अपंगत्व आहे त्यांच्यासाठी 'क्वाड' नावाचा वेगळा गट आहे, तो २००४ च्या अथेन्सपासून पॅरालिम्पिकमध्ये आहे. क्वाडमध्ये रॅकेट हाताला पट्टीनं बांधता येते आणि बॅटरीवरची खुर्चीही चालते.

दोन टप्प्यांच्या सवलतीवर नवा माणूस खूश होतो. व्हायचं कारण नाही. दुसऱ्या टप्प्याची वाट बघत बसलात की तुम्ही पार मागच्या कुंपणाच्या जाळीपाशी पोचता आणि समोरचा निवांत होतो. चांगले खेळाडू जमेल तितके चेंडू एकाच टप्प्यावर घेतात. दुसरा टप्पा अडचणीपुरता, उसन्या पैशासारखा वापरायचा.

तुम्ही यात बसता का?

रोज व्हीलचेअर वापरणाराच खेळू शकतो, हा मोठा गैरसमज. एका किंवा दोन्ही पायांच्या हालचालीवर कायमचा आणि वैद्यकीयदृष्ट्या सिद्ध होणारा परिणाम झालेला असला की खुल्या गटाचा, म्हणजे क्वाड सोडून मुख्य गटाचा, विचार होतो. पाय कापलेला, पोलिओ झालेला, गुडघा किंवा खुबा कायमचा जखडलेला, असा माणूस एरवी कुबडीवर किंवा जयपूर फूटवर चालत असला तरी खेळू शकतो. कोल्हापुरात अशी माणसं पुष्कळ आहेत. त्यांना हा खेळ आपला वाटत नाही, कारण त्यांना खुर्चीत बसायची लाज वाटते. गडहिंग्लजचा एक जण मला सरळ म्हणाला, "मी चालतोय की, मला कशाला खुर्चीत घालताय?" दोन महिन्यांनी तोच आमच्यात सगळ्यात वेगानं फिरत होता. कंबर आणि पोट शाबूत असलेल्या माणसाला खुर्चीत केवढा फायदा मिळतो, ते त्याला तेव्हा कळलं.

कागदं

यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, काढा. नसेल तर स्वावलंबन पोर्टलवर अर्ज भरा आणि तपासणीला सरकारी रुग्णालयात जा. आपल्याकडं बहुतेकांचं हे काम सीपीआर रुग्णालयातच होतं. ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असेल तर पुढच्या बऱ्याच योजना लागू होतात. पण टक्केवारी आणि खेळाची पात्रता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खेळासाठीचं वर्गीकरण आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या, म्हणजे आयटीएफच्या नियमांनी होतं. म्हणून जुने एक्स-रे, एमआरआय, शस्त्रक्रियेचे कागद, डिस्चार्ज कार्ड, काही म्हणजे काही फेकू नका. सगळ्याचे फोटो काढून ठेवा. २०१९ च्या महापुरात माझ्या ओळखीतल्या एकाची फाइल घरातल्या कपाटासकट पाण्यात गेली, आणि त्याचं अर्धं वर्ष नुसत्या नकला मिळवण्यात गेलं.

आणखी एक. दार कुठलं ठोठवायचं, यात पोरं चुकतात. बाकीचे बरेच पॅरा खेळ पॅरा संघटनांच्या वाटेनं जातात. व्हीलचेअर टेनिस मात्र १९९८ पासून आयटीएफमध्येच विलीन झालेलं आहे, म्हणून इथं वाट टेनिसच्या संघटनेतून जाते: देशात ऑल इंडिया टेनिस असोसिएशन, राज्यात महाराष्ट्र राज्य लॉन टेनिस संघटना. मी पहिलं वर्ष चुकीच्या कार्यालयात चकरा मारण्यात घालवलं. तिथले साहेब दर वेळी चहा पाजायचे, एवढीच जमेची बाजू.

शरीर: आरसा आणि बाटली

डॉक्टरांचा सल्ला घ्या, हे सगळेच सांगतात. मी दोन वस्तू सांगतो.

पहिली, हातात धरायचा छोटा आरसा. ज्यांना कमरेखाली संवेदना नाही त्यांनी रोज रात्री बूड, माकडहाड आणि टाचा आरशात बघायच्या. लाल डाग दिसला आणि अर्ध्या तासात गेला नाही, तर दुसऱ्या दिवशी खेळ बंद. नवी कोल्हापुरी चप्पल चार दिवस चावते आणि मग पायाची होते, म्हणून आपण ते सोसतो. खुर्ची चावली तर सोसायचं नाही. तुम्हाला ते चावणं कळतच नाही, आणि जखम हाडापर्यंत गेली की सहा-सहा महिने पालथं पडून राहावं लागतं.

दुसरी, पाण्याची फवारा बाटली, इस्त्रीवाले वापरतात तसली. मणक्याला इजा झालेल्याला इजेच्या खाली नीट घाम येत नाही. इजा जितकी वर, तितकं अंग जास्त तापतं. एप्रिल-मेमध्ये सकाळी सात ते नऊ आणि संध्याकाळी साडेपाचनंतर, एवढंच. आणि पाणी प्या. कोर्टावर आपल्याला जाता येईल असं स्वच्छतागृह नसतं, म्हणून बरेच जण सकाळपासून पाणीच पीत नाहीत. मीही हे केलंय. पुढं लघवीच्या संसर्गानं ताप येऊन अख्खा पंधरवडा अंथरुणात गेला. कोर्ट ठरवताना आधी स्वच्छतागृहाचं दार मोजा.

खांद्याचं एवढंच सांगतो: आपले खांदे हेच आपले पाय. खांदा गेला तर खेळ तर गेलाच, पण पलंगावरून खुर्चीत सरकणंही गेलं. रबरी पट्टा दारात बांधून खांदा मागं ओढायचे व्यायाम रोज करायचे, आणि वजन आटोक्यात ठेवायचं. तालमीतल्या खुराकाचं आपल्याकडं भारी कौतुक, पण पैलवान पायानं जाळतो ते आपण जाळत नाही. रविवारचा तांबडा-पांढरा मी सोडलेला नाही, भाकरी मोजायला लागलो एवढंच.

कोर्ट मिळवणं

कोल्हापूर कुस्तीचं आणि फुटबॉलचं, त्यामुळं टेनिस कोर्टं मोजकीच. पण टेनिस इथं परकं नाही. आपली ऐश्वर्या जाधव २०२२ मध्ये विम्बल्डनच्या १४ वर्षांखालच्या स्पर्धेत खेळून आली. आणि खुर्चीवरचा माणूस घराबाहेर पडतो, शिकतो, कमावतो, हेही या गावानं लवकर बघितलंय. नसीमा हुरजूक यांची हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही संस्था १९८४ पासून इथं आहे.

तरीही कोर्टवाल्याकडं गेलात की पहिलं उत्तर येईल: "चाकांनी कोर्ट खराब होतंय." मला एका ठिकाणी हेच सांगून गेटवरूनच परत पाठवलं होतं. वाद घालू नका. खुर्चीचं चाक रबरी आणि हवा भरलेलं असतं, बुटांच्या तळव्याइतकंही ते कोर्ट घासत नाही. डाग न पाडणारे राखाडी टायर मिळतात, ते लावून जा आणि दहा मिनिटं फिरवून दाखवा. सिमेंटचं किंवा सिंथेटिक कोर्ट मिळालं तर उत्तम. मातीच्या कोर्टावर चाक रुततं आणि नवा माणूस तिथं खांदा मोडून घेतो.

वेळ मागताना सगळ्यांना नको असलेली वेळ मागा. एप्रिल-मे सोडले तर दुपारी चार, किंवा रविवारी सकाळी नऊनंतर. भाडंही कमी बसतं. त्यांचे वापरून मऊ पडलेले चेंडू मागून घ्या. नव्याला मऊ चेंडूच बरा, उसळी कमी आणि वेळ जास्त मिळतो.

पहिले तीन महिने नुसतं ढकलणं

तालमीत वस्ताद पहिल्या दिवशी डाव शिकवत नाही, जोर-बैठका काढून घेतो. इथं जोर म्हणजे ढकलणं. हा भाग कंटाळवाणा आहे आणि निम्मी पोरं इथंच गळतात. टिकणाऱ्याचा पुढचा सगळा खेळ याच्यावर उभा राहतो.

पहिला आठवडा रॅकेटशिवाय. बेसलाइनवरून, म्हणजे कोर्टाच्या मागच्या रेषेवरून, नेटपर्यंत जायचं आणि ढकली मोजायच्या. अंतर जेमतेम १२ मीटर. माझ्याकडच्या पोरांना सुरुवातीला आठ-नऊ लागतात, तीन महिन्यांत पाचांवर येतात. हात चाकाच्या वरच्या टोकाच्या थोडे मागं टेकवायचे, लांब ढकलायचं आणि सोडून द्यायचं. टकटक छोटे धक्के मारत गेलात तर दमाल आणि पोचणार नाही.

दुसऱ्या आठवड्यात हातात रॅकेट. इथं खरी गंमत. दांडा तळहातात, आणि त्याच तळहातानं चाकाबाहेरची कडी ढकलायची. पहिल्या दिवशी नुसती खट-खट ऐकू येते, आणि खुर्ची सरळ जायलाच तयार नसते. उजव्या हातात रॅकेट म्हणजे उजवी ढकल कमजोर, म्हणून खुर्ची उजवीकडं वळत जाते. कागलचा एक पोरगा पहिल्या दिवशी बेसलाइनवरून निघाला आणि गोल फिरून थेट कुंपणाच्या जाळीत जाऊन थांबला. मागं वळून म्हणाला, "दादा, हिला उजवीकडं काय दिसलंय?" उपाय एकच: दांडा चार बोटांत सैल धरायचा, अंगठ्याचं बूड आणि दांड्याची कड दोन्ही कडीवर दाबायचे. कातडी सोलेल. चिकटपट्टी लावा, पण पूर्ण हातमोजा घालू नका. मोज्यात रॅकेट फिरते.

मग दोन पाण्याच्या बाटल्या चार मीटरवर ठेवून इंग्रजी आठचा आकडा. आधी हळू, मग जोरात, मग उलट्या दिशेनं. त्यानंतर पूर्ण वेगात येऊन अर्धी गिरकी घेऊन परत. वळताना आतलं चाक धरायचं आणि बाहेरचं ढकलायचं. बाहेरच्या बाजूनं वळलात, म्हणजे नेटकडं पाठ करून, तर वेग राहतो पण चेंडू क्षणभर नजरेआड जातो. आतल्या बाजूनं वळलात तर चेंडू दिसत राहतो, पण खुर्ची जवळपास थांबते. कधी कुठलं वळण, हे कळायला वर्ष लागतं.

एक गोष्ट मात्र पहिल्या दिवसापासून: थांबायचं नाही. उभी खुर्ची मेलेली. थांबलेल्या खुर्चीला हलवायला जो जोर लागतो त्यातच चेंडू निघून जातो. फटका मारला की लगेच वळून बेसलाइनच्या मागच्या मधल्या जागेकडं निघायचं. तिला आम्ही 'घर' म्हणतो. घरी पोचायच्या आत समोरच्यानं मारलेलं असेल, म्हणून घराकडं जाताना डोळे खांद्यावरून मागं.

फटके

इथं मी थोडक्यात आवरतो, कारण फटके कुठलाही चांगला टेनिस कोच शिकवू शकतो. फक्त त्याला दोन गोष्टी सांगा. एक, आपल्याला पाय हलवून चेंडूशी अंतर जुळवता येत नाही, खुर्ची आधीच योग्य कोनात आलेली हवी. दोन, चेंडू बरेचदा खांद्याच्या उंचीला येतो, म्हणून फिरकी लागते, आणि पकड बदलायला वेळ नसतो. त्यामुळं बरेच खेळाडू फोरहँडच्याच पकडीनं, रॅकेटच्या त्याच बाजूनं, मनगट उलटं करून बॅकहँड मारतात. साध्या कोचला हे बघून धक्का बसतो. त्याला जपानच्या शिंगो कुनिएदाचे सामने बघायला लावा. ग्रँड स्लॅमची ५० विजेतेपदं एकेरी-दुहेरी मिळून, आणि २०२३ च्या जानेवारीत निवृत्त. त्याच देशाचा तोकितो ओदा २०२३ मध्ये १७ व्या वर्षी फ्रेंच ओपन जिंकला आणि २०२४ ला पॅरिसमध्ये पॅरालिम्पिक सुवर्ण. त्याचा सामना बघताना आवाज बंद करा आणि चेंडू सोडून फक्त त्याची चाकं बघा. मुलींनी नेदरलँड्सच्या एस्थर व्हर्गीरला बघावं. एकेरीचे सलग ४७० सामने जिंकून ती थांबली.

खुर्ची: इथं घाई करू नका

पहिले सहा महिने कुणाची तरी जुनी, उसनी खेळाची खुर्ची वापरा. रुग्णालयातल्या घडीच्या खुर्चीवर टेनिस खेळू नका, ती उलटते. खेळाच्या खुर्चीची मागची चाकं खाली फाकलेली असतात, साधारण १५ ते २० अंशांत. त्यामुळं ती गिरकीत कलंडत नाही आणि पटकन वळते. मागं एक छोटं चाक असतं, ते तुम्हाला पाठीवर पडू देत नाही.

स्वतःची घ्यायची वेळ आली की मापात पैसा घाला, रंगात नाही. मापं चार: नितंबांची रुंदी, मांडीची लांबी, गुडघ्यापासून टाचेपर्यंतची उंची, आणि सीटचा मागं किती उतार हवा ते. पोटाचे स्नायू काम करत नसतील तर उतार जास्त, म्हणजे माणूस खुर्चीत रुतून बसतो. कंबर मजबूत असेल तर उंच आणि सपाट बसायचं, चेंडू वरून मारता येतो. रुंदीत एक बोट जरी जागा राहिली तरी तुम्ही वळता आणि खुर्ची वळत नाही. कंबर, मांड्या आणि घोटे पट्ट्यांनी आवळल्यावर तुम्ही नुसते झुकलात तरी खुर्ची वळली पाहिजे.

परदेशी मापाची खुर्ची काही लाखांच्या घरात जाते. आपल्याकडं त्याला एक उतारा आहे आणि तो फार गावांकडं नाही: उद्यमनगर. लेथ, बेंडिंग, वेल्डिंग, सगळं एका गल्लीत. पहिली सरावाची खुर्ची तिथं बनवून घेता येते. पण माझी चूक करू नका. माझ्या ॲल्युमिनियमच्या फ्रेमला तडा गेला, तेव्हा घाईत मी ती साध्या वेल्डिंगला दिली. तिसऱ्या दिवशी सर्व्हिस करताना जोडाच्या शेजारीच मोडली आणि मी कोर्टावर आडवा. ॲल्युमिनियमला टिग वेल्डिंग लागतं, आणि त्यानंतरही जोडाजवळचा धातू तापून मऊ पडलेला असतो, म्हणून आतून नळी घालून आधार द्यावा लागतो. कारागिराचा दोष नव्हता. मीच त्याला "भावा, अर्ध्या तासात दे" म्हणालो होतो.

बेअरिंगचं लक्षात ठेवा. पुढच्या छोट्या चाकांना बहुतेक वेळा ६०८ नंबरचं बेअरिंग असतं, स्केटिंगचं तेच, कुठंही मिळतं. मागच्या चाकांचा दांडा अर्ध्या इंचाचा, त्याचं बेअरिंग इंची मापाचं, दुकानदार मिलिमीटरचं देऊन मोकळा होतो. जुनं काढून सोबत न्या. दोन ट्यूब, हवेचा जास्त दाबाचा पंप आणि ॲलन चाव्यांचा संच नेहमी पिशवीत.

पावसाळा

जून ते सप्टेंबर उघड्या कोर्टावर खेळ जवळपास बंद. आम्ही काय करतो ते सांगतो: मंगल कार्यालय. आषाढापासून लग्नाच्या तारखा थांबतात, हॉल रिकामे पडतात. फरशी सपाट, छप्पर पक्कं. मालकाशी नीट बोललं तर वीजबिलावर आठवड्यातून दोन सकाळी मिळतात. चेंडू मारता येत नाही, झुंबरं असतात. पण ढकलणं, गिरक्या आणि आठचा आकडा जोरात चालतो. आमच्यातला एक जण म्हणतो, एवढे फेरे त्यानं स्वतःच्या लग्नातही घेतले नव्हते.

स्पर्धांची वाट

ढकलून वर्ष झालं, सलग वीस चेंडू परतवता यायला लागले, की स्पर्धा बघायची. देशात या खेळाचा जोर दक्षिणेत, मुख्यतः बेंगळुरूत आहे. तिथली टॅबेबुया ओपन ही आपल्याला गाठता येण्यासारखी. पहिल्या स्पर्धेत शून्य-सहा, शून्य-सहा हराल. हरलेला सामना कुणाकडून तरी फोनवर चित्रित करून घ्या आणि घरी आल्यावर एकच मोजा: किती चेंडूंवर तुमची खुर्ची थांबलेली होती.

आंतरराष्ट्रीय खेळायचं तर आयटीएफकडं ऑनलाइन नोंदणी करून आयपिन, म्हणजे खेळाडूचा ओळख क्रमांक, घ्यावा लागतो, त्याची दर वर्षी फी असते. टूरच्या तळाला छोट्या फ्युचर्स स्पर्धा, मध्ये काही पायऱ्या, वर सुपर सिरीज, आणि माथ्यावर चार ग्रँड स्लॅम. क्रमवारी मागच्या ५२ आठवड्यांच्या निकालांवर ठरते, म्हणजे एक वर्ष घरी बसलात की गुण विरघळतात. वरची जागा किती अरुंद आहे याची कल्पना द्यायला एवढंच: ग्रँड स्लॅममध्ये पुरुष आणि महिला एकेरीला वर्षानुवर्षं आठ-आठच जण घ्यायचे, २०२२ च्या अमेरिकन ओपनला ते १६ झाले. देशाबाहेर पहिली स्पर्धा जवळची धरा. श्रीलंकेत लष्करातले जखमी जवान हा खेळ जिद्दीनं खेळतात, त्यांच्याकडून हरणंही शिकवून जातं. सैनिक टाकळीसारखी गावं असलेल्या आपल्या जिल्ह्यातही असे जवान आहेत. त्यांच्या घरच्यांनी पुण्यातल्या खडकीच्या पॅराप्लेजिक केंद्रात खेळाची चौकशी जरूर करावी.

औषधांबाबत ताकीद. तालमीत नाहीतर जिममध्ये कुणी "ताकदीची पावडर" दिली तर घेऊ नका. चाचणीत काही सापडलं तर जबाबदारी तुमचीच, देणाऱ्याची नाही. दुखऱ्या खांद्यात डॉक्टर जे स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात, तेही २०२२ पासून स्पर्धेच्या काळात निषिद्ध आहे. सूज उतरवायच्या, लघवी वाढवणाऱ्या गोळ्याही बंदीच्या यादीत आहेत. नियमित औषध असेल तर उपचारासाठीच्या सवलतीचा अर्ज आधी करायचा.

पैसा

आता कडू भाग. बक्षिसाच्या पैशावर जगणारे या खेळात जगात मूठभर, आणि ते ग्रँड स्लॅमवाले. खालच्या स्पर्धांत जिंकलात तरी तिकिटाचा खर्च निघत नाही. म्हणून व्यावसायिक खेळाडू व्हायचं असेल तर आधी मीठ-भाकरीची सोय लावा. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे पॅरिस ऑलिम्पिकला नेमबाजीत कांस्य जिंकला, तेव्हा तो रेल्वेत तिकीट तपासनीस होता. पगार चालू होता म्हणून सराव चालू राहिला. आपल्याला दोन वाटा आहेत: २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं सरकारी नोकरीत ४ टक्के आरक्षण, आणि राज्याचं ५ टक्के खेळाडू आरक्षण. दुसऱ्यासाठी कुठल्या स्पर्धेचं प्रमाणपत्र चालतं ते शासन निर्णयात आधी वाचा आणि मगच स्पर्धा निवडा. घरी चषकांची रांग आहे आणि एकही कागद चालत नाही, अशी पोरं मी बघितलीत.

खुर्चीसाठी: ग्रामपंचायत, नगरपालिका, महापालिका यांना स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. ग्रामसेवकाला अर्ज द्या, पोच घ्या, ग्रामसभेत विचारा. पोच नसलेला अर्ज म्हणजे न दिलेला अर्ज.

कंपन्यांचं: २०१३ च्या कंपनी कायद्यातल्या सीएसआरच्या, म्हणजे कंपन्यांनी समाजकामावर करायच्या खर्चाच्या, यादीत पॅरालिम्पिक खेळांचं प्रशिक्षण नावानिशी आहे. पण हा नियम कंपन्यांना. आपली पोरं पहिल्यांदा सहकारी साखर कारखान्याच्या दारात जातात, कारण चेअरमन ओळखीचे असतात. सहकारी संस्थेला हा कायदाच लागू नाही, ते देतील ते मर्जीनं. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल एमआयडीसीतल्या मोठ्या फौंड्र्या बघा. ज्यांचा वर्षाचा निव्वळ नफा ५ कोटींच्या पुढं आहे, त्यांना २ टक्के खर्च करावाच लागतो. कथा सांगत बसू नका. एक पान न्या: खुर्चीचं कोटेशन, वर्षभरातल्या चार स्पर्धा, प्रत्येकीचा प्रवासखर्च. व्यक्तीच्या खात्यात पैसे द्यायला कंपन्या कचरतात, म्हणून नोंदणीकृत संस्थेमार्फत अर्ज करा.

आणि मंडळं विसरू नका. आमच्या पेठेतल्या मंडळानं एका गणपतीला साऊंड सिस्टीम कमी करून आमच्या दोघांची तिकिटं काढली. वर्गणीच्या पावत्या फाडायला मात्र आम्हालाच बसवलं.

बेंगळुरूला निघताना

मिरजेहून राणी चन्नम्मा एक्स्प्रेस. दिव्यांग सवलत प्रमाणपत्र असेल तर स्लीपरला आणि थर्ड एसीला ७५ टक्के सवलत, सोबतच्या माणसालाही. मिरजेपर्यंत एसटीलाही सवलत आहे, पण दोन खुर्च्या घेऊन एसटीत चढणं म्हणजे वरात. त्यापेक्षा टेम्पोवाल्या मित्राला पेट्रोल द्या. खेळाची खुर्ची फाकलेल्या चाकांमुळं डब्याच्या दारातून जात नाही. फलाटावर चाकं काढायची, फ्रेम आधी आत, चाकं चादरीत गुंडाळून बर्थखाली. चाकांवर 'डावं', 'उजवं' असं खडूनं नाही, रंगानं लिहा. विमानानं गेलात तर खेळाच्या खुर्चीचं वजन आणि मापं कळवून आधीच लेखी उत्तर घ्या, आणि देण्यापूर्वी खुर्चीचे चारही बाजूंनी फोटो काढा. टायरमधली हवा थोडी कमी करा.

हॉटेल ठरवताना "लिफ्ट आहे का" विचारू नका, सगळे हो म्हणतात. "बाथरूमच्या दाराची रुंदी टेपनं मोजून फोटो पाठवा" म्हणा. ६० सेंटिमीटर निघाली तर दुसरं हॉटेल बघा. मी एकदा हे विचारायचं विसरलो होतो. तीन दिवस स्टुलावर बसून, सरकत सरकत आंघोळीला गेलो, आणि सकाळी आठच्या सामन्याला साडेपाचला उठत होतो.